नियमबुवा बर्ड

रॉबर्ट बर्ड यांच्या कोटाच्या छातीजवळच्या खिशात अमेरिकेची राज्यघटना असायची. एवढीशी पुस्तिका, हाताळून मऊ पडलेली. 'राष्ट्राध्यक्षांची तशी इच्छा आहे' असं सिनेटमध्ये कुणी म्हटलं, की बुवांचा हात खिशाकडे जाई आणि पुस्तिका हवेत नाचू लागे. घटना तरी बिचारी छोटी. बुवांना सिनेटच्या कामकाजाचे नियम पाठ होते, त्या नियमांचे अपवाद पाठ होते, आणि कुठल्या साली कुठल्या अपवादाचा फायदा कुणी उपटला तेही पाठ होतं. अशा माणसाशी वाद घालू नये. तो हरत नाही हे एक, आणि थांबत नाही हे दुसरं.

त्यांना बुवा का म्हणायचं ते पुढे येईलच. आधी हिशेब उरकून घेऊ. १९४६ साली ते पश्चिम व्हर्जिनिया राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. मग त्याच राज्याच्या सिनेटमध्ये गेले, १९५३ साली वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात आणि १९५९ साली तिथल्या सिनेटमध्ये. तिथून ते उठले ते २८ जून २०१० रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, जगातूनच. मधल्या काळात एकही निवडणूक हरले नाहीत. १९७६ साली तर समोर उभं राहायलाच कुणी आलं नाही. सिनेटमध्ये त्यांनी अठरा हजार सहाशेहून अधिक वेळा मतदान केलं. इतक्या राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली काम केलंत, असं कुणी कौतुकाने म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करत: हाताखाली नव्हे, बरोबरीने.

नियमबुवा ही माणसं बहुधा गरिबीतून आलेली असतात. मागे घराणं नाही, गाठीला पैसा नाही, चेहराही बेताचाच. मग छापील कलम हाच काय तो आधार. बर्ड यांच्याजवळ तर स्वतःचं नावदेखील नव्हतं. जन्माच्या वेळचं नाव कॉर्नेलियस कॅल्विन सेल. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली आणि वडिलांनी हे तान्हं पोर आपल्या बहिणीच्या पदरात घातलं. आत्या आणि तिचा नवरा, टायटस बर्ड, त्याला पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात घेऊन आले. तिथे घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, आणि मजुरीही पुष्कळदा कंपनीच्या टोकनांत. ती टोकनं चालत फक्त कंपनीच्या दुकानात. अशा गावात वाढलेल्या मुलाला सरकारी पैसा म्हणजे काय अप्रूप वाटत असेल, त्याचा विचार करावा. मजा म्हणजे जगातल्या सगळ्या तारखा तोंडपाठ असणारा हा माणूस पन्नाशी उलटेपर्यंत स्वतःचा वाढदिवस चुकीच्या तारखेला धरून होता. खरी तारीख २० नोव्हेंबर १९१७ आहे, हे त्याला सख्ख्या भावाकडून कळलं.

शाळेत पहिला आला, पण कॉलेजला पैसे नव्हते. पेट्रोल पंपावर काम केलं, दुकानात माल विकला, खाणवस्तीत खाटकाचं काम केलं, महायुद्धाच्या काळात जहाजाच्या गोदीत वेल्डिंग केलं. आणि फिडल शिकला. पहाडी गाणी वाजवण्यात हात असा बसला की पहिल्या निवडणुकीपासून मतं मागायला फिडल घेऊनच निघू लागला. भाषणाला कंटाळणारा मतदारही फिडलसमोर बसून राहतो. पुढे १९७८ साली, सिनेटमधल्या बहुमत पक्षाचा नेता असताना, बुवांनी फिडलवादनाची तबकडी काढली. सत्ताधारी नेत्याची तबकडी म्हटली की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही मात्र ऐकण्यासारखी होती.

आता हसू जरा आवरावं लागेल. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्ड कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेत होते. नुसते सभासद नव्हते. त्यांनी आपल्या भागात शाखा काढली, दीडशे माणसं गोळा केली, दहा डॉलर प्रवेश फी आणि झगा-टोपीचे वर तीन डॉलर घेतले. नियमबुवाची खूण इथेही दिसते. द्वेषाचीसुद्धा रीतसर सभासद नोंदणी! शाखेने त्यांना एकमताने प्रमुख निवडलं. क्लॅनचा एक वरिष्ठ अधिकारी त्यांना म्हणाला, तुझ्यात नेतृत्वगुण आहेत, देशाला अशा तरुणांची गरज आहे. हा किस्सा बर्ड स्वतःच सांगत. त्यांच्या राजकारणाचा पहिला पुरस्कर्ता असा निघाला, याला काय करणार?

पुढे त्यांनी याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली, आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हटलं. पण माफी मागण्याआधीचा मोठा काळ मध्ये आहेच, आणि त्यात १९६४ साल आहे.

त्या वर्षी वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा सिनेटपुढे होता. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी तो बोलून बोलून मारायचा ठरवला होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभा राहिलेला सभासद जोवर खाली बसत नाही तोवर त्याला बोलू द्यावं लागतं. चर्चा बंद करायची तर त्या काळी दोन तृतीयांश मतं लागत. बुवा ९ जूनच्या संध्याकाळी सात अडतीसला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ एक्कावन्नला बसले. चौदा तास तेरा मिनिटं. माणूस बसला आणि सिनेटने ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चाबंदीचा ठराव मंजूर केला. नागरी हक्कांच्या विधेयकावर असा ठराव पहिल्यांदाच यशस्वी झाला होता. बुवांनी कायद्याच्या विरोधात मत दिलं, आणि कायदा झाला.

१९६७ साली थरगुड मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. बुवांचं मत विरोधात. १९९१ साली क्लॅरन्स थॉमस दुसरे झाले. बुवांचं मत पुन्हा विरोधात. कारणं वेगवेगळी होती, माणसं तर अगदीच भिन्न विचारांची होती. पण या दोघांनाही नकार देणारा सिनेटर सबंध अमेरिकेत हा एकच. मध्ये १९८२ साली त्यांचा तरुण नातू अपघातात गेला. काळ्या माणसाचाही आपल्या लेकरांवर माझ्याइतकाच जीव असतो, हे त्या दुःखात उमगलं, असं बुवा पुढे सांगत. उशिरा का होईना, उमगलं हे चांगलंच. पण चौदा तास बोलण्याआधी उमगलं असतं तर बरं झालं असतं.

माणूस शिकत मात्र सतत राहिला. खासदार झाल्यावर कायद्याच्या रात्रीच्या वर्गांना बसू लागला आणि दहा वर्षं रेटून १९६३ साली पदवी घेतली. त्या पदवीदान समारंभाला राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. गंमत अशी की बुवा तोवर बी.ए. झालेलेच नव्हते. ती उणीव त्यांनी १९९४ साली भरून काढली, वयाच्या सत्तराव्या वर्षानंतर, आणि तीसुद्धा उच्च श्रेणीत. कायदे करून पस्तीस वर्षं सिनेटमध्ये घालवल्यानंतर राज्यशास्त्राची पदवी. अनेकांचा क्रम उलटा असतो आणि दुसरा टप्पा येतच नाही.

सिनेटमध्ये वर चढायची त्यांची तऱ्हा फारच साधी होती. जे काम कुणालाच नको ते बुवांनी उचलायचं. कुठल्या सभासदाला विमान गाठायचं आहे, कुणाच्या लेकीचं लग्न आहे, कुणाच्या विधेयकाची वेळ मागेपुढे करायला हवी, याची सगळी टिपणं बुवांकडे. मदत झाली की वर आभाराची चिठ्ठीही त्यांचीच. टेड केनेडी त्या काळी बुवांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतोद होते: घराणं बोस्टनचं, दोन भाऊ हुतात्मा, चेहरा पोस्टरसारखा. जानेवारी १९७१ मध्ये प्रतोदपदाची निवडणूक आली. बुवांनी बेरीज केली. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते. त्यांचं मुखत्यारपत्र बुवांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. पण मेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र चालत नाही. म्हणून रसेल अजून जिवंत आहेत याची त्या सकाळी खात्री करून घेऊनच बुवा रिंगणात उतरले. ३१ विरुद्ध २४ मतांनी जिंकले. रसेल त्याच दिवशी वारले. सात मतांचा फरक पाहता ते एक मत नसतं तरी चाललं असतं, पण बुवांच्या हिशेबात 'चाललं असतं' हा रकानाच नव्हता. केनेडींना बरेच दिवस कळेना की आपल्याला कोणी पाडलं. आभाराच्या चिठ्ठ्या मिळालेल्या स्वपक्षीयांनीच पाडलं होतं.

पण बुवा खरे रंगात आले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. निवडणूक खर्चाला मर्यादा घालणारं विधेयक होतं आणि बुवा आता बहुमताचे नेते होते. रिपब्लिकन सभासद चर्चा लांबवत होते. चर्चाबंदीचा ठराव एकदा, दोनदा, पाचदा फसला, तरी बुवा पुन्हा आणतच होते. एकूण आठ वेळा आणला. मग विरोधकांनी नवी युक्ती काढली: सभागृहातच यायचं नाही, म्हणजे गणसंख्याच भरत नाही आणि बुवांचं सगळं गाडं अडतं. आता सिनेटच्या नियमांत एक जुनं कलम आहे. गैरहजर सभासदाला पकडून आणण्याचा हुकूम सिनेट देऊ शकते. ते कलम असं धूळ खात पडलं होतं की पुष्कळांना ते आहे हेच ठाऊक नव्हतं. बुवांना ठाऊक नसेल असं कलम जन्मायचं होतं.

मध्यरात्रीनंतर सिनेटचे सुरक्षाप्रमुख माणसं घेऊन निघाले आणि प्रतिष्ठित सिनेटरांची धरपकड सुरू झाली. ओरेगनचे बॉब पॅकवूड आपल्या कचेरीचं दार आतून लावून, दाराला खुर्ची टेकवून बसले होते. सफाई कामगार बाईने सांगितलं, साहेब आतच आहेत. किल्लीने दार उघडलं, पॅकवूडनी ते खांद्याने दाबून धरलं, त्यात त्यांचं आधीच दुखरं बोट पुन्हा दुखावलं. अखेर ते शरण आले आणि सभागृहाच्या दारापर्यंत आपल्या पायांनी चालत गेले. पण उंबऱ्यावर त्यांनी आग्रह धरला: आता मला उचलूनच न्या. पोलिसांनी उचललं. अमेरिकेचा एक सिनेटर रात्री सव्वाच्या सुमाराला पाय पुढे आणि डोकं मागे अशा अवस्थेत सभागृहात दाखल झाला, आणि बुवांची गणसंख्या भरली. विधेयक तरीही मंजूर झालं नाही. माझ्या मते बुवांना त्या विधेयकापेक्षा ते कलम वापरायला मिळाल्याचाच आनंद जास्त झाला असणार.

त्यानंतर वर्षभरातच त्यांनी नेतेपद आपणहून सोडलं. लोक म्हणाले, थकले. छे! विनियोजन समितीचं अध्यक्षपद मोकळं झालं होतं, आणि देशाच्या तिजोरीची किल्ली त्या समितीकडे असते. पाच वर्षांत पश्चिम व्हर्जिनियाला एक अब्ज डॉलर आणून दाखवतो, असं बुवा म्हणाले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच आणले.

मग काय विचारता! एफबीआयचं बोटांच्या ठशांचं केंद्र वॉशिंग्टनहून उठून क्लार्क्सबर्गला आलं. करखात्याचे संगणक डोंगरात आले. नासाचं एक केंद्र फेअरमॉन्टला आलं. ग्रीन बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण १९८८ साली एका रात्री आपल्याच वजनाने कोसळली, तर तिच्या जागी २००० साली जगातली सर्वांत मोठी, हवी तिकडे वळवता येणारी दुर्बीण उभी राहिली. नाव अर्थातच रॉबर्ट सी. बर्ड दुर्बीण. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं एक केंद्र. पश्चिम व्हर्जिनियाला समुद्र नाही. चारही बाजूंनी जमीन आहे. पण तटरक्षकांना संगणकावर बसायला समुद्र कशाला लागतो, असा बिनतोड मुद्दा कुणीही मांडावा. सीआयएच्या काही हजार नोकऱ्याही आणायचा घाट घातला होता. तो बेत आधीच फुटला आणि फसला. हेरखात्याला गुपित राखता येऊ नये, हे त्यातलं दुःख.

रस्ते, पूल, धरणाचे दरवाजे, न्यायालयं, शाळा, रुग्णालयं: राज्यात पन्नासच्या आसपास ठिकाणांना बुवांचं नाव आहे, काहींना त्यांच्या पत्नीचं. रॉबर्ट सी. बर्ड महामार्गाने निघून रॉबर्ट सी. बर्ड पुलावरून जाणं तिथे सहज शक्य आहे. राजधानी चार्ल्स्टनच्या विधिमंडळात कुठल्याही राजकारण्याचा पुतळा तो मेल्यावर पन्नास वर्षांनीच बसवावा, असा संकेत होता. १९९७ साली तिथे बुवांचा ब्राँझचा पुतळा बसला. बुवा तेव्हा धडधाकट होते आणि पुढे तेरा वर्षं जगले. नियमाचा एवढा अभिमानी माणूस, पण या एका नियमाबद्दल त्यांनी कुठे खिशातली पुस्तिका काढल्याचं ऐकिवात नाही.

सरकारी उधळपट्टी मोजणाऱ्या संस्थांच्या यादीत ते कायम वरच्या ओळीत. बुवांचं उत्तर तयार असे, आणि ते घटनेतूनच येई. पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात लिहिलं आहे: कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. म्हणजे पैसा कुठे जावा हे ठरवायचं काँग्रेसने, राष्ट्राध्यक्षांनी नव्हे. शंभर वर्षं कोळसा आमच्या डोंगरांतून बाहेर गेला, नफाही बाहेर गेला. आता चार रस्ते आत आले तर कुणाचं काय गेलं? हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. तत्त्वामुळे रस्ते आले की रस्त्यांसाठी तत्त्व आलं, हे मात्र बुवांनाही सांगता आलं नसतं.

आता बुवा हे नाव कुठून आलं ते. १९९०च्या दशकात राष्ट्राध्यक्षाला अंदाजपत्रकातल्या नको त्या रकमा निवडून कापण्याचा अधिकार द्यावा, अशी टूम निघाली. बुवांच्या दृष्टीने हा घरावर दरोडा. १९९३ साली त्यांनी सिनेटमध्ये एकापाठोपाठ चौदा भाषणं दिली, आणि ती सगळी प्राचीन रोमवर. हातात कागद नाही. पूर्वरंगात हॅनिबल, सुल्ला, पॉम्पी, सीझर. राजांची वंशावळ, लढायांच्या तारखा. उत्तररंगात मुद्दा एकच: रोमच्या सिनेटने तिजोरीची किल्ली एका माणसाच्या हाती दिली, तेव्हा प्रजासत्ताक संपलं. फक्त चिपळ्या आणि टाळ तेवढे नव्हते. श्रोते मात्र बहुधा तुरळक. काही भाषणं रिकाम्या बाकांसमोर झाली. सिनेटच्या इतिहासावरची त्यांची प्रवचनमाला तर त्याही आधी सुरू झाली होती: १९८० साली नातीच्या शाळेतली मुलं गॅलरीत बसलेली दिसली, आणि बुवांनी त्यांच्यासाठी म्हणून सिनेटचा इतिहास सांगायला घेतला. मुलं घरी गेली. इतिहास पुढे कित्येक वर्षं चालला आणि त्याचे चार जाडजूड खंड झाले.

तो कायदा १९९६ साली झालाच. बुवा न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालय म्हणालं, तुम्हाला स्वतःला काही इजा झालेली नाही, जा घरी. पुढच्याच वर्षी इजा झालेले दुसरे लोक आले आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. पाच वर्षांनी का होईना, चौदा भाषणांची दखल घेतली गेली. अर्थात न्यायमूर्तींनी ती ऐकली होती की नाही, हा प्रश्न वेगळा.

२००२ साली इराकवर युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्ष बुश यांना द्यायचा ठराव आला, तेव्हा बुवा ऐंशी ओलांडलेले होते. हात थरथरत होते, पण खिशातली पुस्तिका तीच: युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. १९६४ साली व्हिएतनामच्या ठरावाला आपण मुकाट हात वर केला होता, याचा त्यांना पस्तावा होता. या खेपेला विरोधात मत देणारे तेवीस सिनेटर निघाले. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी सभागृहाला विचारलं, युद्ध दाराशी आलं आहे आणि इथे कुणी बोलत का नाही? ज्या नियमाच्या आधारे त्यांनी एकदा चौदा तास एका न्याय्य कायद्याची वाट अडवली होती, त्याच नियमाच्या आधारे आता ते एका नको असलेल्या युद्धाची वाट अडवू पाहत होते. दोन्ही वेळा हरले. पण या वेळी विद्यापीठातली पोरं त्यांची भाषणं एकमेकांना पाठवत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना पहिलं भाषण माहीतच नव्हतं.

त्याच वर्षी एका यादवी युद्धावरच्या चित्रपटात ते क्षणभर दिसले, दक्षिणेच्या सेनापतीच्या वेषात. त्यांचं राज्य दक्षिणेशी फारकत घेऊन जन्माला आलेलं, याची आठवण त्यांना करून द्यायची कुणाची टाप होती? २००४ साली त्यांनी खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकात हळूच एक कलम घातलं: केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेने १७ सप्टेंबरला राज्यघटना शिकवलीच पाहिजे. घटनेची आठवण ठेवायची तर अशा मागच्या दाराने! २००७ साली कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्यांवर ते सभागृहात असे बरसले की समोरचे दचकले. त्यांच्या घरी बिली नावाचं एक पांढरंशुभ्र केसाळ कुत्रं असे, आणि त्याच्या गुणांचं वर्णन अमेरिकेच्या सिनेटच्या अधिकृत इतिवृत्तात आलेलं आहे.

२४ डिसेंबर २००९च्या सकाळी आरोग्य विम्याच्या कायद्यावर मतदान होतं. बुवा चाकाच्या खुर्चीतून आले आणि नुकत्याच गेलेल्या टेड केनेडींचं नाव घेऊन होकार दिला. हेच ते केनेडी, ज्यांना त्यांनी एकेकाळी आभाराच्या चिठ्ठ्या लिहून पाडलं होतं.

पुढच्या जूनमध्ये बुवा गेले. माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन चार्ल्स्टनच्या शोकसभेत म्हणाले, की डोंगरातला एक पोरगा निवडून येण्यासाठी करू नये ते करून बसला आणि उरलेलं आयुष्य त्याने त्याची भरपाई करण्यात घालवलं. शोकसभेत असंच म्हणायचं असतं. मला वाटतं, भरपाई झाली तेवढी झाली. चौदा तास तेरा मिनिटांची नोंद इतिवृत्तात आहे, आणि इतिवृत्त पुसता येत नाही हे बुवांइतकं कुणाला माहीत नव्हतं.

निम्मं वॉशिंग्टन उचलून पश्चिम व्हर्जिनियात नेऊन ठेवणाऱ्या या माणसाचं दफन मात्र पत्नीशेजारी, पोटोमॅक नदीकाठच्या आर्लिंग्टनमध्ये झालं. आर्लिंग्टन व्हर्जिनियात आहे. ज्या राज्यातून १८६३ साली पश्चिम व्हर्जिनिया वेगळं निघालं, त्या व्हर्जिनियात.